अंगठ्यांची फाईल

जून 2025 मध्ये आमच्या ग्रामसभेच्या नावाने सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्काचा सरकारी दाखला, हाती आला. सुरुवात केली होती 26 जानेवारी 2023 ला. मधली जवळजवळ अडीच वर्षं कशी गेली ते आता आजूबाजूच्या गावांतले लोक फोन करून विचारतात. दर वेळी सांगताना काही ना काही सुटतं, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. मी वनहक्क समितीची, म्हणजे गावाचा दावा तयार करणाऱ्या समितीची, सचिव. बी.ए. झालेली आणि मराठी टायपिंग येणारी सून गावात सापडली म्हणून मला धरलं, यापलीकडे माझी पात्रता काही नव्हती.

गाव वैनगंगेच्या खोऱ्यातलं, 94 घरांचं. निम्म्याहून जास्त घरं गोंडांची, बाकी ढिवर आणि थोडे कुणबी. धानाचं एक पीक, मग मोह, मग तेंदू. संयुक्त वनव्यवस्थापनाची समिती आमच्याकडे बरीच वर्षं होती. 1990 च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर देशभर अशा समित्या निघाल्या, त्यातलीच एक. वणवा लागला की विझवायला गाव, राखणीला गाव. पण कोणती रोपं लावायची आणि कोणता कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, कधी तोडायचा हे वरून कळायचं. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र एक छोटंसं कलम आहे, 3(1)(आय). परंपरेने जे जंगल गाव वापरत आणि राखत आलं त्याचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. तो हक्क ग्रामसभेचा. आम्हाला तोच हवा होता.

पहिली अडचण घरातच निघाली. वनहक्क समिती नव्याने करू म्हटलं तर ग्रामसेवक म्हणाले, समिती 2008 पासून आहे. रजिस्टर काढलं. तीन गावांच्या गटग्रामपंचायतीची मिळून एकच समिती, पंधरा नावं, त्यातले चार जण वारलेले आणि एक बाई लग्न होऊन परगावी गेलेली. माझे मामाजी, म्हणजे सासरे, त्यात सदस्य होते. त्यांना हे पंधरा वर्षांनी कळलं. या कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या प्रौढांची सभा. पाडा-टोलासुद्धा स्वतःची सभा भरवू शकतो. म्हणजे आमच्या गावाची समिती आमच्याच गावात व्हायला हवी होती. तुमच्याकडेही आधी जुनं रजिस्टर उघडून बघा.

26 जानेवारीच्या सभेला 118 माणसं आली. प्रौढ 312. 2012 च्या दुरुस्तीनंतर गणपूर्तीला किमान निम्मे लोक लागतात, म्हणजे 156, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. बाया भरपूर होत्या, एकूण माणसंच कमी पडली. कारण साधं होतं. धान निघालं की आमच्याकडची निम्मी तरणी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जानेवारी ते मार्च गावात म्हातारे, लेकरं आणि कोंबड्या. तारीख ठरवताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मग थांबलो. लोक परतले, मोह वेचून झाला, तेंदू सुरू व्हायचा होता. त्या फटीत 16 एप्रिल 2023 चा रविवार धरला. सभा संध्याकाळी सातला, जेवणं आटोपून. दोन दिवस आधी दवंडी, आणि सभेच्या दिवशी बचत गटाच्या बायांनी घरोघरी जाऊन उठवून आणलं. 203 माणसं आली. समिती तेरा जणांची केली (दहा ते पंधरा चालतात), त्यात नऊ आदिवासी आणि सहा बाया. नियमाप्रमाणे दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला लागतातच. ग्रामसभेचा स्वतःचा रबरी शिक्का करून घेतला, 180 रुपये. पत्रव्यवहार ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर करू नका. दावा ग्रामसभेचा असतो, आणि हा घोळ पुढे फार नडतो.

मे महिना तेंदूत गेला. जूनपासून पुरावे.

पुरावे किमान दोन लागतात, आणि ते काही फार अवघड नसतात, हे आधी कळलं असतं तर माझी बरीच झोप वाचली असती. आमचा मुख्य कागद निस्तारपत्रक. गावाने कोणत्या जंगलातून सरपण, चराई, इमारती लाकूड घ्यायचं याची ती जुनी नोंद. पूर्व विदर्भातल्या गावांची ही नोंद बहुतेक ठिकाणी महसुलाच्या अभिलेख कक्षात असते. नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी तिकीट लावलं, आणि पाच खेपा घातल्या. एकदा बाबू रजेवर, एकदा किल्ली दुसऱ्याकडे, एकदा “गावाचं नाव असं लिहीत नाहीत, तसं लिहितात”. पाचव्या खेपेला कागद मिळाला तो हिंदीत! क्षणभर वाटलं भलत्याच गावाचा दिला. मग एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने समजावलं की 1956 पर्यंत हा भाग मध्य प्रदेशातच होता. शेवटी आमचं गाव त्या कागदात दिसलं, पाळीव जनावरांच्या संख्येसकट. खेपांचा खर्च नकलेच्या फीपेक्षा कितीतरी जास्त झाला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. त्यानंतर कचेरीची सगळी कामं समितीतल्या बायांकडेच आली. पुरुष म्हणाले, तुम्ही स्वस्तात जाता.

दुसरा पुरावा वडीलधाऱ्यांच्या जबाबांचा. गावचा भूमिया, म्हणजे गावदेवाचं करणारा, तो आजा ऐंशीच्या पुढचा. त्याच्यासमोर वही घेऊन बसले आणि विचारलं, आपल्या जंगलाची हद्द कुठून कुठे. आजा म्हणाला, “लिवून काय करतं बाई, चालून दाखवतो.” पण चालणं त्याला झेपत नव्हतं. मग त्याने अंगणात बसल्या बसल्या काडीने मातीत रेघ ओढली. इथे देवाचं झाड, इथे अस्वलाची गुहा, इथे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. एकेक जागा सांगताना तिथे कुणाच्या बापाला काय दिसलं होतं तेही सांगायचा. मी सतरा नावं टिपली. त्यातली चारच वनखात्याच्या नकाशावर होती. बाकी तेरा कुठल्याच कागदावर नाहीत, आता आमच्या दाव्यात आहेत. मातीतल्या त्या रेघेचा मी मोबाईलवर फोटो काढला होता. संध्याकाळी शेळ्यांनी ती पुसली.

दरम्यान एक गृहस्थ गावात येऊन गेले. फाईल “चालवून” देतो, घरटी 200 रुपये. दोन-चार घरांनी देऊनही टाकले होते. या दाव्याला कसलीही सरकारी फी नाही, एवढं सगळ्यांना ओरडून सांगा. आमचा पूर्ण खर्च, म्हणजे झेरॉक्स, प्रवास, मोठ्या नकाशाची छपाई, शिक्का आणि चहा मिळून, अडीच वर्षांत अकरा हजारांच्या आसपास आला. तो घरटी वर्गणीतून उभा केला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी मोहफुलं दिली.

हद्दीची मोजणी धान कापून झाल्यावर, डिसेंबर 2023 मध्ये. पडताळणीच्या वेळी वन आणि महसूल खात्याच्या लोकांनी हजर राहायचं असतं, त्यामुळे दोन्हीकडे लेखी नोटीस दिली आणि पोच घेतली. पोच जीव की प्राण समजा. कोणी आलं नाही तर पुढे तीच दाखवायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी बीटचे वनरक्षक आले, पटवारी तिसऱ्या दिवशी. वनरक्षक खरं सांगायचं तर फार उपयोगी पडला. कक्ष म्हणजे वनखात्याने पाडलेले जंगलाचे भाग, त्यांच्या क्रमांकांचे जुने दगड कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याने पंचनाम्यावर सही करताना कुरकुर केली नाही. ‘खातं’ म्हणून आपण ज्याच्यावर तोंडसुख घेतो त्यात असाही एक असतो.

तीन दिवस चाललो. पुढे माहीतगार म्हातारे, मागे जीपीएस घेतलेली पोरं. आमच्या बाया मात्र दुपारी वेगळ्याच वाटेने निघाल्या. त्यांनी चारोळी, हिरडा, कंद आणि मशरूम कुठे मिळतं त्या जागा दाखवल्या. त्यातली एक जागा पुरुषांच्या हद्दीच्या दोनशे मीटर बाहेर निघाली. पुरुष म्हणाले ती आपली नाही. सत्तरीची एक मावशी तिथेच खाली बसली आणि म्हणाली, मी लग्न होऊन आल्यापासून इथून चारोळी नेते, ही आपली नाही तर कुणाची? हद्द बदलली. फक्त पुरुषांनी मोजलेली हद्द म्हणजे अर्धीच हद्द, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि तिथेच भांडण उभं राहिलं. ती जागा बाजूच्या गावालाही हवी होती. दोन्ही गावांची जनावरं एकाच माळावर चरतात, मोहाची झाडं एकमेकांत मिसळलेली. पहिल्या बैठकीत त्यांच्याकडचे चाळीस जण काठ्या घेऊन आले. काठ्या तशा सगळ्यांच्याच हातात असतात, पण त्या दिवशी त्या मोजल्या गेल्या. कायदा म्हणतो, दोन गावांचे दावे एकमेकांवर येत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी ठरवावं; नाहीच जमलं तर उपविभागीय समितीकडे, म्हणजे दावे तपासणाऱ्या वरच्या सरकारी समितीकडे, जावं. वर गेलो असतो तर आमची फाईल अडकली असती, आणि पुढे त्यांचीही. हे त्यांच्या समितीच्या अध्यक्षांनाही कळत होतं, म्हणून दुसरी बैठक झाली. मध्ये आमच्यातले चौघे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला जाऊन आले होते. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तिथली. तिथे मतदान करत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून राहतात, एवढं एकच ते चौघे डोक्यात घेऊन आले. आम्हीही बसलो. सकाळी अकरा ते रात्री नऊ, एका मोहाखाली. दोन्ही गावांनी आपापला डबा आणला होता, संध्याकाळी तो एकत्र झाला. ठरलं असं: नाला ही हद्द; माळावरची चराई दोघांची; आणि मोहाचं झाड कुठल्याही बाजूला असलं तरी जे घर आजवर वेचत आलं तेच वेचेल. दोन प्रती, दोन्हीवर दोन्ही समित्यांच्या सह्या. आता मागे वळून बघताना वाटतं, सगळ्या फाईलीत हाच कागद सगळ्यात मोलाचा.

दावा मंजूर करायची ग्रामसभा 31 डिसेंबर 2023 ला, रविवारी, मिरचीची माणसं निघायच्या आत. दाव्याचे अर्ज दोन: ‘ब’ नमुना चराई, गौण वनोपज (मोह, तेंदू, चारोळी असं), मासेमारी या सामूहिक हक्कांसाठी, आणि ‘क’ नमुना सामूहिक वनसंपत्तीसाठी, म्हणजे जंगल राखण्या-सांभाळण्याच्या हक्कासाठी. दोन्ही वाचून दाखवले. 188 जण हजर. सह्या करणारे सह्या करून गेले, अंगठेवाले रांगेत. निम्म्यावर आलो आणि स्टॅम्पपॅड कोरडा पडला. रात्रीचे दहा, दुकान बंद. कुणीतरी त्यात पाणी घातलं. बल्बच्या उजेडात अंगठे ठीकच दिसले. मी फाईल बांधली, 12 जानेवारी 2024 ला उपविभागीय कार्यालयात दिली, पोच घेतली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपले.

पुढे काहीच हललं नाही. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनमध्ये ती उठली आणि महिनाअखेरीस फाईल परत आली. शेरा: 61 अंगठे अस्पष्ट, नावं जुळत नाहीत. कागद उघडून बघितला तर निळे डागच डाग. पाण्याने शाई पसरली होती, आणि मी अंगठ्यांसमोर नावं लिहिलीच नव्हती. दोष पूर्ण माझा. शिवाय तोंडी एक सांगण्यात आलं, की तुमच्यात इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे आदिवासी नसलेली पण पिढ्यान्पिढ्या जंगलावर जगणारी, घरं आहेत, त्यांचे 75 वर्षांचे पुरावे लावा. हे मात्र मी मानलं नाही. ‘क’ नमुन्यातच लिहिलं आहे की सभासदांच्या यादीत प्रत्येकापुढे तो कोणत्या गटातला ते लिहावं, आणि थोडे जरी आदिवासी किंवा पारंपरिक वननिवासी असले तरी दाव्याला पुरे. ती ओळ अधोरेखित करून पत्राला जोडली आणि आक्षेप असेल तर लेखी द्या म्हटलं. लेखी कधीच आला नाही. उपविभागीय समिती दावा परस्पर फेटाळू शकत नाही, कारणं देऊन ग्रामसभेकडे परत पाठवू शकते, हेही लक्षात असू द्या. फाईल परत आली म्हणजे संपलं असं नाही. मला त्या दिवशी मात्र तसंच वाटलं होतं. दोन दिवस मी वही उघडली नाही. मामाजींनी तिसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन नवा स्टॅम्पपॅड आणला, आणि शाईची वेगळी बाटली. काही बोलले नाहीत, माझ्या टेबलावर ठेवून दिला.

रोवणीचे दिवस. शेतातून उठवून सभेला कोण येणार? म्हणून 15 ऑगस्ट 2024 धरला. झेंड्याला लोक येतातच, तिथूनच शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. या वेळी मतदार यादीच्या क्रमाने नावं आधीच छापून नेली, प्रत्येकापुढे चौकट, आणि अंगठा पुसायला ओलं फडकं. 174 जण. चिखलाचे हात आधी धुवून घेतले, नाहीतर तेही उमटतं.

नंतरचं थोडक्यात. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता, म्हणून पुन्हा थांबा. डिसेंबरात उपविभागीय समितीने शिफारस केली, मार्च 2025 मध्ये जिल्हास्तरीय समितीने मान्यता दिली. या काळात मी दर पंधरा दिवसांनी एक अर्ज देत होते: आमच्या दाव्याची सद्यःस्थिती कळवावी. एवढीच एक ओळ. ओरडण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

पट्टा हाती आला तेव्हा फोटोसाठी सगळे उभे. माझी नजर मजकुरावर. जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प अधिकारी, तिघांच्या सह्या होत्या, पण एका कक्षाचा क्रमांक चुकला होता. तिथल्या तिथे दाखवलं आणि दुरुस्तीचा अर्ज दिला. शुद्धिपत्र पाच आठवड्यांनी आलं. फोटो नंतर काढा, आधी वाचा.

आता खरं काम सुरू झालं आहे. नियमानुसार ग्रामसभेने वनांच्या रक्षणाची आणि व्यवस्थापनाची समिती करायची, तिने आराखडा करायचा. आमचा आराखडा अजून अर्धा आहे. ग्रामसभेचं बँक खातं आणि पॅन यातच दोन महिने गेले. पण दोन गोष्टी ठरल्या. चारोळीची फांदी तोडून फळ काढायचं नाही, आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी हात लावायचा नाही. कोवळी फळं आधी कुणी नेऊ नयेत म्हणून सगळेच कोवळी नेत होते, हे बैठकीत एका बाईने हसत हसत कबूल केलं. दुसरं म्हणजे राखणीची पाळी. रोज दोन घरं, वही एकाच खुंटीवर. पहिल्या महिन्यात वहीत सगळ्यात जास्त नोंदी आमच्याच गावच्या कुऱ्हाडींच्या निघाल्या. तेंदूचं काय करायचं यावर अजून वाद चालू आहे. चंद्रपूरच्या पाचगावने झाडं छाटणं आणि वणवे नकोत म्हणून तेंदू बंद केला. आमच्याकडे वर्षाची रोकड त्यातूनच येते. म्हणून सभा झाल्या तीन, निर्णय शून्य. चौथी सभा लागेल.

परवा नाल्यापलीकडच्या त्या गावच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांनीही दावा करायला घेतला आहे. म्हणाले, “बाई, रविवारी सभा आहे आमची. हद्दीचा कागद घेऊन याजा. आन् तो तुमच्या मामाजींचा स्टॅम्पपॅडही.”